सरांचा सिनेमा, काकांचं ताट

प्रश्न : मी 31 वर्षांची, मूळची कोल्हापूरची. गेली सात वर्षं मुंबईत एका नामवंत दिग्दर्शकांकडे सहायक आहे. चौदाव्या वर्षी बाबांबरोबर त्यांचा चित्रपट पाहिला आणि घरी येतायेताच ठरवलं की आपण हेच करायचं. पण सरांचे गेले तीन चित्रपट पडले. पडल्याचं मला दुःख नाही, ते वाईट होते याचं आहे. सर स्वतःचेच जुने प्रसंग पुन्हा घेतात. सेटवर कुणी काही बोलत नाही आणि पॅकअप झाल्यावर युनिटमधली मुलं सरांवरचे मीम्स एकमेकांना पाठवतात. दुसरीकडे, तीन वर्षांपासून घरी गेले की मी आमच्या गल्लीतल्या एका काकांचं चित्रीकरण करते. ते 84 वर्षांचे आहेत, कोल्हापूरच्या स्टुडिओंत चाळीस वर्षं लाइटमन होते. चाळीसेक तासांचं फुटेज जमलंय. आता सरांनी नव्या चित्रपटासाठी असोसिएट, म्हणजे सहयोगी दिग्दर्शक, म्हणून बोलावलंय. दसऱ्यापासून तयारी, दिवाळीनंतर सात महिने शूटिंग. हो म्हटलं तर माहितीपट थांबतो, नाही म्हटलं तर मी कृतघ्न ठरते. मला आता कथापट खोटे आणि माहितीपटच तेवढा प्रामाणिक वाटतो. बाबा म्हणतात, चालून आलेलं काम सोडू नकोस. ताई, काय करू?

उत्तर :

तू ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला ‘तू’च म्हणते.

तुझं मूळ पत्र नऊ पानांचं आहे. मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना पानं मोजली. साडेसहा पानं सरांवर, दीड पान बाबांवर आणि पैशांवर, आणि काकांवर जेमतेम एक. त्या एका पानातला एक प्रसंग वाचकांना सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

एप्रिलची दुपार. काकांचं कौलारू घर, स्वयंपाकघराच्या छपरात उजेडासाठी बसवलेली एकच काच. काकू खाली बसून मेथी निवडताहेत. तू कॅमेरा लावलास आणि काकूंचा चेहरा काळा येतोय म्हणून स्वतःशीच पुटपुटलीस. काकांना काचबिंदूमुळे एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. ते उठले, फळीवरचं स्टीलचं ताट काढलं, खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि काचेतून पडलेल्या उन्हात धरलं. उजेडाचा गोळा आधी भिंतीवर गेला. तिथून हळूहळू सरकवत त्यांनी तो काकूंच्या गालापर्यंत आणला. म्हणाले, “थेट टाकायचा न्हाई, भिंतीवरनं आणायचा. न्हाईतर डोळं मिटत्यात.” आणि काकू म्हणाल्या, “ते ताट ठिवा, जेवायचंय त्यात.”

चाळीस तासांतलं हे दीड मिनिट आहे. मी ते पाहिलेलं नाही, फक्त तुझ्या अक्षरात वाचलंय, तरी दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

आता सरांकडे येऊ. तुझं दुःख खरं आहे. ज्याने आपल्याला डोळे दिले त्या माणसाला डोळ्यांदेखत चुकताना पाहणं फार जड असतं. त्यातून तू रोज त्यांच्या शेजारी उभी असतेस, प्रेक्षकासारखं अर्ध्यातून उठून जाण्याची सोय तुला नाही. पण तू लिहिलंस, ‘सरांनी स्वतःचं नाव मातीत घातलं.’ इथे मला तुला थोडं थांबवायचंय.

तुझ्याच गावाची गोष्ट आहे. दादासाहेब फाळक्यांनी शेवटचा चित्रपट कोल्हापुरात केला, 1937 साली. ‘गंगावतरण’. तो त्यांचा एकमेव मूळचा बोलपट. 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ज्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लावला, ज्यांच्या घरात सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून फिल्मला भोकंही पाडत होत्या, त्या माणसाला चोवीस वर्षांनी काळाने मागे टाकलं होतं. 1931 पासून पडदा बोलायला लागला होता. प्रभातच्या मंडळींनी बोलपटाचं वेगळंच व्याकरण घडवलं होतं. फाळक्यांचं सगळं कसब मुक्या चित्राचं, डोळ्यांना चकित करण्याचं. ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट केला नाही आणि 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

आज आपण फाळक्यांना ‘गंगावतरण’वरून मापतो का? त्यांच्या उतरत्या वर्षांनी ‘कालिया मर्दन’मध्ये कालियाच्या फण्यावर नाचणारी त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी पुसली गेली का? चौदाव्या वर्षी तू पाहिलेला चित्रपट अजून तोच आहे. त्यातली एकही चौकट सरांच्या नव्या चित्रपटांनी बदललेली नाही. बदललंय ते तुझं आणि सरांचं नातं, आणि ते बदलायलाच हवं होतं, कारण तू आता चौदा वर्षांची नाहीस.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. सर जुनाच प्रसंग पुन्हा घेतात हे सेटवर सगळ्यांना दिसतं. त्यांना हे कधी कुणी सांगितलंय? तू? सात वर्षांत एकदा तरी, चहाच्या वेळेला, एकटं गाठून? तुझ्या पत्रात तसं कुठे नाही. थोर माणसाभोवती हळूहळू मान डोलावणाऱ्यांची भिंत उभी राहते. तो आतून भिंत लावून घेतो हे खरं, पण विटा बाहेरूनच येतात. मीम पाठवणारी मुलं आणि गप्प बसणारी तू, दोघांनीही त्यांना एकटंच टाकलंय. हे मी तुला दोष द्यायला म्हणत नाही. सहायकाला तेवढी जागा नसते, हे मला माहीत आहे. पण असोसिएटला असते. मॉनिटरशेजारी बसून “सर, हे आपण आधी केलंय” असं म्हणण्याचा हक्क युनिटमध्ये ज्या एक-दोन माणसांना असतो, त्यांत असोसिएट येतो. तेव्हा हे बोलावणं नुसतं नोकरीचं नसेलही. कदाचित सरांना तुझ्याकडून तेच हवं असेल आणि मागता येत नसेल. अर्थात मी त्यांना ओळखत नाही. तू ओळखतेस, तूच ठरव.

तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे : ‘कथापट खोटे, माहितीपट प्रामाणिक.’

फाळक्यांनी हरिश्चंद्राच्या आधी काय केलं होतं, माहीत आहे ना? 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तो कोंब मिनिटाभरात उगवून वेल झाला. ते पाहून पैसे लावायला माणूस तयार झाला आणि मग हरिश्चंद्र. म्हणजे आपल्याकडच्या कथापटाच्या मुळाशी एक रोप आहे, खरं, कुंडीतलं. त्याही आधी, 1899 साली, सावेदादांनी म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी मुंबईतल्या हँगिंग गार्डनमध्ये लावलेली कुस्ती चित्रित केली होती. आणि ‘माणूस’ करणारे शांतारामबापू पुढच्याच वर्षी सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्डावर मुख्य निर्माते म्हणून गेले होते. आपल्या माणसांनी या दोन घरांमधलं दार कधी बंद ठेवलं नाही. तू का ठेवतेस?

शिवाय माहितीपट आपोआप प्रामाणिक होत नाही. तूच लिहिलंयस की ताटाचा प्रसंग फोकसमध्ये नीट आला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा ताट धरायला लावलंस, आणि तो शॉट ‘मस्त आला’. आता दोन्ही तुझ्याकडे आहेत. कुठला लावणार? पहिल्यात काका उजेड शोधत होते. दुसऱ्यात ते तू सांगितलेलं करत होते, आणि काकूंनी ताटाबद्दल तक्रारही केली नसणार. हा अभिनय आहे, कथापटातल्यासारखाच, फक्त मानधन न देता करून घेतलेला. मला विचारशील तर पहिला लाव, धूसर असला तरी. पण हा निर्णय तुलाच संकलनाच्या टेबलाशी बसून घ्यावा लागेल, आणि तिथे ‘माहितीपट प्रामाणिक असतो’ हे वाक्य काही कामाला येणार नाही.

रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपट मिळवून पाहा, पाहिला असशील तर पुन्हा पाहा. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मधल्या नायिका कमलाबाई गोखले, म्हणजे आपल्या पडद्यावरच्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, वयाच्या नव्वदीकडे झुकलेल्या असताना पुण्यातल्या त्यांच्या घरी केलेली ही फिल्म. तिथे बाई सांगतात तसं होतं. कॅमेऱ्यामागच्या माणसांशी त्या थेट बोलतात. फिल्म करणारीने हे कापून टाकलेलं नाही. तो प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. आपल्या विषयापुढे फिल्मने मान खाली घातली आहे. एका थोर माणसाच्या सिनेमाबद्दल काही सांगायचं, तर त्याच्या सिनेमात तेराव्या वर्षी नाचलेल्या मुलीच्या म्हातारपणाकडे जावं लागतं. सरांवरची तुझी साडेसहा पानं आणि काकांवरचं एक पान यांचा संबंध मला तिथे दिसतो. काकांनी कुणाकुणावर उजेड टाकला? ती माणसं पुढे मोठी झाली, उतरली, विसरली गेली. काका ताट धरून अजून तिथेच आहेत.

पण काकांची फिल्म सरांना उत्तर म्हणून करू नकोस. ‘बघा, खरा सिनेमा असा असतो’ हे सिद्ध करायला बसलीस, तर फिल्मभर काका तुझे वकील होतील. 84 व्या वर्षी त्यांना ते काम देऊ नये.

आणि कृतज्ञतेचं म्हणशील, तर तुझ्या तिसऱ्या पानावर, जिथे तू सरांवर सर्वात जास्त चिडली आहेस, तिथेच एक ओळ आहे. पहिल्या वर्षी सर तुला म्हणाले होते, “नटाकडे सगळे बघतात. तू उजेड कुठून येतोय ते बघ.” ताट उचललेलं तुला दिसलं, ते त्यामुळे. दुसरी कुणी असती तर कॅमेरा बंद करून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवत बसली असती. हे ऋण फेडायला पुढचा चित्रपट करावाच लागतो असं मला वाटत नाही. ते सरांना सांगावं मात्र लागतं. ताटाचं दीड मिनिट फोनमध्ये घेऊन जा आणि त्यांना दाखव. नुसतं दाखव.

आता काय करायचं ते.

तू म्हणतेस माहितीपट थांबेल. नीट बघ, थांबणाऱ्या गोष्टी दोन आहेत. संकलन थांबू शकतं. आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षं चालली होती. जत्रेतल्या तंबू टॉकीजवरची ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ 2016 मध्ये कान महोत्सवात पोचली, त्याआधी कितीतरी वर्षं ती करणारी दोघं आपल्याकडच्या गावोगावच्या जत्रांतून फिरत होती. फुटेज हार्डडिस्कमध्ये वाट बघतं. 84 वर्षांचा माणूस वाट बघत नाही. पटवर्धनांनी शाहीर विलास घोगरेंचं गाणं ‘हमारा शहर’ या जुन्या माहितीपटासाठी आधीच चित्रित करून ठेवलं होतं. 1997 मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर घोगरेंनी जीव दिला, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ तिथून सुरू झाली. आधीचं ते गाणं नसतं तर तो माणूस आपल्याला दिसला असता का? तू पुढच्या जूनमध्ये परत येशील तेव्हा काकांचा दुसरा डोळा कसा असेल, आवाज कसा असेल, ते असतील का, हे कुणी सांगू शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑक्टोबरातले तीन आठवडे काकांना दे. सरांना भेटून हेच सांग : दसऱ्याला नाही, दिवाळीच्या पाडव्यानंतर येते, मन लावून काम करते, आणि जिथे पटणार नाही तिथे तुम्हाला एकट्यात सांगते, चालेल का? त्यांनी हो म्हटलं तर जा. नाही म्हटलं तर हे काम सोड. सरांच्या चित्रपटाला दुसरा असोसिएट मिळेल. काकांकडे तुझ्याशिवाय कॅमेरा घेऊन कुणी जाणार नाही.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. मुंबईत भाडं कुणाला चुकलेलं नाही. असोसिएटचं सात महिन्यांचं मानधन म्हणजे तुझ्या संकलकाचा आणि साउंड मिक्सिंगचा खर्च, असा हिशेब बाबांसमोर कागदावर मांड. मात्र हो म्हणण्याआधी मानधनाचे हप्ते आणि तारखा लेखी घे. सरांवर कितीही श्रद्धा असली तरी. पडलेल्या चित्रपटाचे शेवटचे हप्ते कुणाचे अडकतात, हे या धंद्यात सात वर्षं काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. हातात मानधन नसेल, तर बंगळूरुची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलेवरच्या संशोधनाला अनुदान देते आणि अर्ज भारतीय भाषांत करता येतो. कोलकात्याला डॉकएज हा माहितीपटवाल्यांचा मेळावा भरतो, तिथे अर्धवट फिल्म घेऊन जाणाऱ्यांचं ऐकून घेतलं जातं. दोन्हीकडे विचारून बघ. त्यासाठी वीस मिनिटांचा एक नमुना लागेल. ऑक्टोबर संपताना तो हाताशी हवा.

त्या तीन आठवड्यांत काय करायचं, हे तुझ्यासोबत अशा प्रत्येकासाठी लिहिते जे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर चित्रित करताहेत. असे बरेच जण मला लिहितात, कुणाची आजी ओव्या म्हणते, कुणाचे आजोबा गिरणीत होते.

आवाज आधी. चित्र हललं, धूसर आलं तरी माणसं बघतात, शब्द कळला नाही तर उठून जातात. साधा कॉलर माइक घ्या, पंखा बंद करा, आणि रोज निघताना दोन मिनिटं कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्या, कापताना तो सोन्यासारखा लागतो. संमती लेखी घ्या, पण सोप्या मराठीत, आणि त्यांना वाचून दाखवून. कागदावर हेही असू दे की मला नको असलेला भाग मी काढायला सांगू शकतो. मुलांना, सुनांनाही विश्वासात घ्या. माणूस गेल्यावर फिल्म अडते ती बहुधा त्यांच्यापाशी. जुने फोटो, पगाराच्या पावत्या तिथेच स्कॅन करून त्याच दिवशी परत द्या, ‘नेते आणि आणून देते’ नको. जुन्या चित्रपटांचे तुकडे वापरायचा मोह आवरा. बऱ्याचदा त्यांचे हक्क विकत घ्यावे लागतात, आणि नुसत्या हातांच्या हालचालींवरून माणूस पूर्ण सेट उभा करू शकतो. काकांना बेबी (छोटा दिवा) कुठे होता, सोलर (मोठा दिवा) कुठे, कटर (उजेड अडवायची फळी) कुणी धरला होता, ते अंगणात उभं राहून दाखवू दे.

आणि प्रत दोन ठिकाणी ठेव. एक डिस्क मुंबईत, एक बाबांच्या कपाटात. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला, ‘मीठ भाकर’ त्यांना पुन्हा चित्रित करावी लागली. काकांना ही गोष्ट माहीत असणार. त्यांना विचार, आणि विचारताना कॅमेरा चालू ठेव.

एक शंका मनात राहून गेली, ती लिहून थांबते. तो कवडसा तू एप्रिलमध्ये पाहिलास. तेव्हा कोल्हापुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे कललेला असेल, म्हणजे त्या काचेतून येणारं ऊन उत्तरेच्या भिंतीकडे सरकलेलं असणार. दुपारी किती वाजता आणि नेमकं कुठे पडतं, हे जायच्या आधी फोन करून काकांना विचारून घे. त्यांना पाठ असेल.